अलंकृत सार्वजनिक शिल्पप्रकल्प

अलंकृत सार्वजनिक शिल्पप्रकल्प : एकाच साच्यातून काढलेल्या अनेक शिल्पाकृती निरनिराळ्या कलावंतांकडून रंगवून वा अन्य प्रकारे सजवून घेऊन, त्या शहरातील रस्ते, चौक, उद्याने, रेल्वेस्थानके इ. सार्वजनिक ठिकाणी ठराविक मुदतीसाठी मांडावयाच्या आणि मुदतीअखेर त्यांचा लिलाव करून मिळणारी रक्कम लोकोपयोगी कार्यास द्यावयाची, अशा स्वरूपाच्या उपक्रमास ही संज्ञा लावता येते. मूळ आकार बहुधा प्राण्याचा असतो. गाय, सिंह, अस्वल, हत्ती, मूस, मधमाशी अशा आकृती आजवर अनेक शहरांत मांडण्यात आल्या आहेत. स्मारकशिल्प आणि ही शिल्पे यांत तीन बाबतींत भेद दिसतो : स्मारकशिल्प एकमेव व चिरस्थायी असते, तर ही शिल्पे अनेक व अल्पकालीन असतात, स्मारकशिल्पात आकार हा शिल्पकाराच्या निर्मितीचा गाभा असतो, तर येथे आकार आधीच ठरलेला असून पृष्ठभागावरील अलंकरण हेच कलावंताचे क्षेत्र असते, आणि स्मारकशिल्पाचा खर्च शासन, संस्था वा वर्गणीदार उचलतात, तर येथे तो मुख्यतः प्रायोजकांकडून वसूल होतो. या तिसऱ्या भेदामुळे प्रकल्पाच्या अर्थव्यवस्थेचा प्रभाव कलाकृतीच्या स्वरूपावर आणि कलावंताच्या स्थानावरही पडतो. म्हणून अर्थसाहाय्य आणि कलावंतांचा सहभाग या दोन बाजूंचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी : सार्वजनिक शिल्पास द्रव्यसाहाय्य करण्याच्या पूर्वापार पद्धती स्थूलमानाने चार आहेत. पहिली, एका धनिकाची देणगी. मुंबईतील ‘काळा घोडा’ या नावाने प्रसिद्ध असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा सर अल्बर्ट ससून यांनी शहरास दिला. जोझेफ एडगर बोएम (१८३४–९०) या शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा १८७९ मध्ये उभारण्यात आला व १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या उद्यानात हलविण्यात आला. मूळ परिसरात २०१७ मध्ये स्वाररहित घोड्याचे नवे शिल्प बसविण्यात आले. त्याचे शिल्पकार श्रीहरी भोसले हे होत. दुसरी पद्धत राजाश्रयाची व संस्थानिकांच्या आश्रयाची. तिसरी लोकवर्गणीची, महाराष्ट्रातील कित्येक गावांतील पुतळे याच मार्गाने उभे राहिले आहेत. चौथी पद्धत विसाव्या शतकातील असून, तीनुसार सार्वजनिक इमारतीच्या खर्चाचा ठराविक अंश कलाकृतींसाठी राखून ठेवतात. फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळांच्या बांधकामखर्चाचा एक टक्का याप्रमाणे वापरला जाऊ लागला. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये ही प्रथा स्वीकारली. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नवी दिल्ली येथील इमारतीसमोर रामकिंकर बैज (१९०६–८०) यांनी घडविलेली ‘यक्ष’ व ‘यक्षी’ ही भव्य पाषाणशिल्पे सार्वजनिक वास्तूसाठी कलावंताकडे सोपविलेल्या कामाची ठळक उदाहरणे होत.

या चारही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. शिल्पकाराची निवड करून त्याच्याशी करार केला जातो आणि त्याच्या श्रमाचे मूल्य हा खर्चाचा मोठा भाग असतो. अलंकृत शिल्पप्रकल्पात मात्र खर्च अनेक लहान प्रायोजकांत विभागला जातो आणि कामही अनेक कलावंतांत विभागले जाते. त्यामुळे अधिक कलावंतांना संधी मिळते; परंतु प्रत्येकाच्या वाट्यास येणारी रक्कम त्याच प्रमाणात कमी होते.

उगम : या प्रकाराचा उगम स्वित्झर्लंडमधील झुरिक या शहरात झाला. १९८६ मध्ये तेथे नगराचे बोधचिन्ह असलेल्या सिंहाच्या रंगविलेल्या आकृती रस्त्यांवर मांडण्यात आल्या होत्या. त्यानंतर १९९८ मध्ये तेथील व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने गाईंचे प्रदर्शन भरले. कलादिग्दर्शक वॉल्टर क्नाप यांच्या मार्गदर्शनाखाली पास्काल क्नाप या तरुण शिल्पकाराने उभी, चरणारी व बसलेली अशा तीन अवस्थांतील पूर्णाकृती गाईंचे नमुने तयार केले. त्यांवरून काढलेल्या आठशेच्या आसपास गाई शहरभर उभ्या राहिल्या. आल्प्समधील कुरणांतून शरद ऋतूत गुरे खाली आणताना त्यांना फुलांनी व घंटांनी सजविण्याची जुनी चाल त्या देशात आहे. आपल्याकडील पोळ्याच्या सणाशी तिचे साम्य सहज लक्षात येते. सजविलेली गाय ही कल्पना त्यामुळे झुरिककरांना परकी वाटली नाही.

पीटर हॅनिग या शिकागोतील पादत्राणांच्या व्यापाऱ्याने झुरिकचे प्रदर्शन पाहिले आणि त्याच्या आग्रहावरून शिकागोच्या सांस्कृतिक विभागाच्या आयुक्त लोइस वाइसबर्ग (१९२५–२०१६) यांनी १९९९ च्या उन्हाळ्यात तसाच उपक्रम आखला. शिकागो हे अमेरिकेतील मांसव्यापाराचे जुने केंद्र. तेथील विस्तीर्ण गुरेबाजार १८६५ मध्ये सुरू होऊन १९७१ मध्ये बंद झाला. १८७१ च्या प्रचंड आगीचे खापरही लोकपरंपरेने एका गाईवरच फोडले आहे. म्हणून गाईचे प्रतीक तेथे चपखल बसले. तीनशेहून अधिक गाई मांडण्यात आल्या. प्रदर्शनानंतर सु. १४० गाईंचा लिलाव झाला. आयोजकांची अपेक्षा पाच लक्ष डॉलरची होती, प्रत्यक्षात सु. ३५ लक्ष डॉलर जमले, म्हणजे प्रत्येक गाईस सरासरीने सु. २५,००० डॉलर मिळाले. या यशामुळे शहराचे प्रतीक, प्रायोजक, स्थानिक कलावंत, तात्पुरते प्रदर्शन व धर्मादाय लिलाव असा पाच अंगांचा नमुना रूढ झाला.

प्रसार : २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये गाई, तर टोराँटोमध्ये ३२६ मूस मांडण्यात आले. २००१ मध्ये बर्लिनमध्ये क्लाउस व एफा हेर्लिट्स या दांपत्याने शहराचे बोधचिन्ह असलेल्या अस्वलाची योजना सुरू केली. मूळ आकृती रोमान श्ट्रोब्ल या शिल्पकाराची होती. २००२ पासून एकेका देशाच्या कलावंताने रंगविलेल्या अस्वलांचे वर्तुळ निरनिराळ्या राजधान्यांतून फिरू लागले. २०१२ मध्ये ते नवी दिल्लीतही आले होते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल या शहराने २००८ मध्ये, यूरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, तारो चिएझो या जपानी कलावंताच्या १९९८ मधील ‘सुपरलँबनाना’ या शिल्पाच्या सव्वाशे लहान प्रतिकृती स्थानिकांकडून रंगवून घेतल्या. ब्रिस्टल येथे २०१३ मध्ये ‘ग्रोमिट’ या चित्रपटांतील श्वानपात्राची ८० शिल्पे मांडण्यात आली. तेथील बालरुग्णालयाच्या मदतीसाठी झालेल्या लिलावात सु. २३ लक्ष पौंड मिळाले. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेल्या थायलंडमधील ‘मोशा’ या हत्तिणीच्या पिलावरून सुचलेला ‘एलिफंट परेड’ हा उपक्रम २००७ मध्ये नेदर्लंड्समधील रॉटरडॅम येथे सुरू झाला. २०१० मध्ये लंडनमध्ये मांडलेल्या अडीचशेहून अधिक हत्तींच्या लिलावातून सु. ४० लक्ष पौंड जमले.

निर्मितिप्रक्रिया : शिल्पकार प्रथम माती, प्लॅस्टर अथवा फेस-प्लॅस्टिक यांत मूळ आकृती घडवितो. तीवरून अनेक भागांचा साचा करतात. साच्यात आतील बाजूने काचतंतूंचे थर व पॉलिएस्टर रेझीन यांचे लेप देऊन पोकळ आकृती काढतात व भाग जोडून सांधे घासून घेतात. काचतंतूची आकृती वजनाने हलकी, पावसात टिकणारी व दगड-धातूंच्या मानाने स्वस्त असते. म्हणूनच शेकडो प्रती काढणे परवडते. आकृतीच्या आत लोखंडी सांगाडा बसवून ती काँक्रीटच्या जड चौथऱ्यास जखडतात, अन्यथा वाऱ्याने वा गर्दीने ती उलटण्याचा धोका असतो. यानंतर पांढरा अस्तररंग दिलेली कोरी आकृती कलावंताकडे जाते. तो बहुधा ॲक्रिलिक रंग वापरतो. काही जण आरसे, काचेचे तुकडे, कापड, धातूचा पत्रा इ. साहित्य चिकटवितात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी रंग फिकट होऊ नयेत व ओरखडे पडू नयेत, यासाठी शेवटी पारदर्शक लेपाचे दोन वा अधिक हात देतात. हे काम कलावंताने करावे की व्यावसायिक रंगाऱ्याने, हे आधी ठरविलेले नसल्यास पुढे दोषाची जबाबदारी कोणावर, असा वाद उद्भवतो. काचतंतू व रेझीन घासताना उडणारी धूळ आणि रेझीनच्या वाफा श्वसनास अपायकारक असल्यामुळे मुखपट्टी व खेळती हवा आवश्यक असते. मुले सहभागी होणार असतील तेथे ही कामे त्यांच्याकडे देत नाहीत.

अर्थव्यवस्था : प्रकल्पाच्या उत्पन्नाचे चार मार्ग संभवतात : (१) प्रायोजकांची रक्कम, (२) नगरपालिका, पर्यटन विभाग अथवा कलामंडळ यांचे अनुदान, (३) प्रतिकृती, नकाशे, पुस्तिका, छायाचित्रे इत्यादींची विक्री आणि (४) अखेरचा लिलाव. यांपैकी पहिल्या दोन मार्गांनी येणारा पैसा प्रदर्शनापूर्वी हाती येतो, म्हणून निर्मितीचा खर्च त्यांतूनच भागवावा लागतो. लिलावाची रक्कम शेवटी येते व ती धर्मादाय कार्यासाठी राखलेली असते. ती निर्मितिखर्चाकडे वळविल्यास देणगीदारांचा विश्वास डळमळतो. नगरपालिकेचे साहाय्य पुष्कळदा रोख नसते. जागा, परवाने, वीज, पोलीस बंदोबस्त, वाहतूक या रूपाने ते मिळते. ताळेबंदात त्याची किंमत मांडली नाही, तर प्रकल्प खाजगी पैशावरच उभा राहिला असा चुकीचा समज होतो.

या व्यवहाराची रचना एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, ५० शिल्पांचा प्रकल्प आहे व प्रत्येक शिल्पामागे प्रायोजक दोन लक्ष रुपये देतो. एकूण जमा एक कोटी रुपये होते. करांचा विचार वगळल्यास एका शिल्पामागील खर्च पुढीलप्रमाणे धरता येतो : साचा व ओतकाम ७०,००० रु.; कलावंताचे मानधन ३०,००० रु.; रंगसामग्री व संरक्षक लेप १०,००० रु.; चौथरा, वाहतूक व उभारणी ३०,००० रु.; विमा, परवाने व देखभाल १५,००० रु.; व्यवस्थापन व प्रसिद्धी ३५,००० रु. आणि राखीव १०,००० रु. ही बेरीज बरोबर दोन लक्ष होते. आता प्रायोजक ३५ च मिळाले व शिल्पेही ३५ च केली, असे मानू. जमा ७० लक्ष रुपये होईल. शिल्पागणिक होणारा खर्च प्रत्येकी १,५५,००० रु. प्रमाणे ५४ लक्ष २५ हजार रुपये होईल. व्यवस्थापन व प्रसिद्धी यांचा १७ लक्ष ५० हजारांचा खर्च मात्र शिल्पे कमी झाली म्हणून कमी होत नाही. अशा रीतीने राखीव रक्कम शून्य धरूनही १ लक्ष ७५ हजार रुपयांची तूट येते. ओतकाम, वाहतूक व विमा यांचे दर ठरलेले असतात, त्यांत काटछाट करता येत नाही. कलावंताचे मानधन तेवढे लवचीक मानले जाते. प्रत्येकाचे मानधन ३०,००० वरून २५,००० वर आणले, की तूट नेमकी भरून निघते. प्रकल्पाच्या अपयशाचा पहिला भार कलावंतावर का पडतो, हे या हिशेबावरून समजते. त्यावर उपाय म्हणजे मानधनाची रक्कम निमंत्रणपत्रातच जाहीर करणे, ती इतर खर्चाआधी वेगळी काढून ठेवणे आणि प्रायोजकांचे करार पुरे झाल्याखेरीज शिल्पांची संख्या न ठरविणे हा होय.

लिलावाचा हिशेबही याच रीतीने पाहता येतो. वरील प्रकल्पातील ५० शिल्पांना सरासरी १ लक्ष २० हजार रुपये मिळाल्यास ६० लक्ष रुपये जमतील. लिलावाचा खर्च सहा लक्ष आणि कलावंतांचा वाटा विक्रीच्या १५ टक्के, म्हणजे नऊ लक्ष, वजा जाता ४५ लक्ष रुपये लोकोपयोगी कार्यास उरतील. प्रत्येक कलावंतास सरासरी १८,००० रु. अधिक मिळतील. बहुसंख्य प्रकल्पांत लिलावाची रक्कम पूर्णपणे दान म्हणून दिली जाते व कलावंतास तीत वाटा नसतो. तेव्हा त्या दानात प्रायोजक व खरेदीदार यांच्याबरोबरच कलावंताचाही हिस्सा असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. जाहिरातीत व अहवालात मात्र त्याची नोंद क्वचितच आढळते.

पर्यटनामुळे शहरास होणाऱ्या लाभाचे आकडे सावधगिरीने घ्यावे लागतात. शिकागोच्या प्रदर्शनामुळे सु. २० कोटी डॉलरची उलाढाल झाल्याचा अंदाज व्यक्त झाला होता. अशा अंदाजांत, शिल्पे नसती तरी शहरात आलेच असते असे प्रवासी आणि स्थानिक रहिवाशांनी अन्यत्र केलाच असता असा खर्च, या दोन गोष्टी वेगळ्या काढणे कठीण असते. लिलावाची रक्कम मोजता येते. पर्यटनाचा लाभ बहुधा अनुमानाने सांगितला जातो.

स्थानिक कलावंतांचा सहभाग : कलावंतांची निवड सामान्यतः पुढील क्रमाने होते. आयोजक जाहीर निवेदन काढून आकृतीचे कोरे रेखाचित्र उपलब्ध करतात. कलावंत त्यावर आपला आराखडा व पूर्वीच्या कामाचे नमुने पाठवितो. निवडसमिती आशय, टिकाऊपणा व सार्वजनिक जागेतील सुरक्षितता पाहून आराखड्यांची यादी तयार करते व या यादीतून प्रायोजक आपल्या पसंतीचा आराखडा निवडतो. काही प्रकल्पांत अधिक रक्कम देणारा प्रायोजक स्वतःचा कलावंत सुचवू शकतो. वॉशिंग्टन येथे २००२ मध्ये १०० गाढवे व १०० हत्ती (त्या देशातील दोन प्रमुख राजकीय पक्षांची प्रतीके) मांडण्याचा प्रकल्प तेथील कलामंडळाने हाती घेतला, तेव्हा निवडलेल्या कलावंतास १,००० डॉलर मानधन व साहित्यासाठी २०० डॉलर अशी तरतूद होती. साहित्याची रक्कम मानधनापासून वेगळी ठेवण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे. एकत्रित रक्कम दिल्यास चांगले रंग व लेप वापरणारा कलावंत स्वतःच्या मिळकतीला मुकतो.

प्रायोजकाच्या पसंतीवर निवड सोपविल्याने सौम्य, आनंदी व ओळखीचे विषय पुढे येतात व प्रयोगशील आराखडे मागे पडतात. यावर काही ठिकाणी निवडीचा अंशतः अधिकार समितीकडे राखून तोल साधतात. स्थानिक कलावंत कोणास म्हणावे, हाही प्रश्न निर्माण होतो. प्रसिद्ध चित्रकार, वेशभूषाकार, नट यांच्या नावाने लिलावास मोठी बोली येते. त्यामुळे त्यांना निमंत्रण देण्याकडे आयोजकांचा कल असतो. शहरात राहून काम करणारे तरुण कलावंत, कलाशिक्षक, नामफलक रंगविणारे व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी निश्चित जागा राखल्या नाहीत, तर ‘स्थानिक’ हा शब्द नावापुरता उरतो. पुष्कळ प्रकल्पांत मोठ्या शिल्पांच्या जोडीला लहान आकाराची शिल्पे शाळांना देतात. ती विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या साहाय्याने रंगवितात व प्रदर्शनानंतर ती शाळेतच राहतात. त्यांचा लिलाव होत नसल्यामुळे मुलांना आपले काम पुढेही पाहता येते. शिक्षणाच्या दृष्टीने प्रकल्पाचा हा भाग सर्वांत टिकाऊ मानावा लागेल. शक्य तेथे सर्व कलावंतांना एकाच मोठ्या कार्यशाळेत काम करू देतात. त्यामुळे भाड्याची व वाहतुकीची बचत होते, लोकांना काम चालू असताना पाहता येते आणि निरनिराळ्या परंपरांतील कलावंतांचा परस्परपरिचय होतो.

अभिव्यक्ती आणि स्वामित्व : सार्वजनिक जागी मांडलेल्या शिल्पातून बोलतो कोण, कलावंत, प्रायोजक की शहर, हा या प्रकल्पांतील मूलभूत प्रश्न होय. न्यूयॉर्कच्या २००० मधील प्रदर्शनासाठी चित्रपटदिग्दर्शक डेव्हिड लिंच (१९४६–२०२५) यांनी केलेली छिन्नविच्छिन्न गाय आयोजकांनी नाकारली. वॉशिंग्टनच्या उपरोक्त प्रकल्पात ‘पेटा’ या प्राणिहक्कवादी संस्थेने प्रायोजक होऊन साखळदंडात जखडलेल्या, अश्रू ढाळणाऱ्या सर्कशीतील हत्तीचा आराखडा पाठविला. कलामंडळाने तो नाकारल्यावर प्रकरण न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशाने २००२ मध्ये तो हत्ती काही काळ मांडला गेला. तथापि २००५ मध्ये अपील न्यायालयाने कलामंडळाच्या बाजूने निर्णय दिला. कोणती शिल्पे मांडावयाची हे निवडताना शासकीय मंडळ कलेचा आश्रयदाता या नात्याने स्वतःच बोलत असते, ते सर्वांसाठी खुले व्यासपीठ देत नसते, असा त्या निर्णयाचा आशय होता. याउलट, स्टॉकहोम येथे २००४ मध्ये एका अज्ञात गटाने प्रदर्शनातील एक गाय पळवून नेली. ही कला नसून जाहिरात आहे, असा त्यांचा दावा होता व अखेर त्यांनी त्या गाईचा शिरच्छेद केला. ही कृती समर्थनीय नसली, तरी तीमागील आक्षेप दुर्लक्षणीय नाही. प्रायोजकाचे नाव चौथऱ्यावरील पाटीपुरते न राहता त्याचे व्यापारचिन्ह वा मालाचे चित्र शिल्पावरच येऊ लागले, की शिल्प व फलक यांतील सीमा पुसली जाते. म्हणून शिल्पावर व्यापारचिन्ह न रंगविण्याची अट करारात घालणे योग्य ठरते.

भारतात १९५७ च्या स्वामित्व हक्क अधिनियमातील तीन तरतुदी या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. कलम ५७ नुसार, कलाकृती विकल्यानंतरही तिचे कर्तृत्व सांगण्याचा व तिच्या प्रतिष्ठाघातक विकृतीकरणास हरकत घेण्याचा कर्त्याचा अधिकार अबाधित राहतो. दिल्लीतील विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकून खराब केले गेल्याबद्दल अमरनाथ सेहगल (१९२२–२००७) यांनी दावा लावला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लक्ष रुपये भरपाई देवविली व शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आदेश दिला. दुसरी तरतूद कलम ५२ मधील आहे. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र वा चित्र प्रसिद्ध केल्याने हक्कभंग होत नाही. परंतु तेथे ‘कायमस्वरूपी’ ही अट असल्यामुळे काही आठवड्यांपुरत्या मांडलेल्या शिल्पांना ही सवलत लागू आहे, असे गृहीत धरता येत नाही. छायाचित्रे, पुस्तिका व प्रतिकृती यांविषयी कलावंताची लेखी संमती घेणे त्यामुळे इष्ट ठरते. तिसरी तरतूद कलम ५३ अ ची. मूळ चित्र वा शिल्प दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीस पुन्हा विकले गेल्यास, स्वामित्व हक्काचा प्रथम धारक असलेल्या कर्त्यास त्या किंमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. अलंकृत शिल्पात आकार एकाचा व रंगकाम दुसऱ्याचे असल्यामुळे कोणता हक्क कोणाकडे, हे करारात स्पष्ट न केल्यास या तरतुदींचा लाभ दोघांनाही मिळणे अवघड होते.

भारत व महाराष्ट्र : भारतात हत्तींच्या संरक्षणासाठी ‘एलिफंट फॅमिली’ या संस्थेने अलंकृत हत्तींचा उपक्रम केला. देशातील हत्तींच्या १०१ संचारमार्गांकडे लक्ष वेधणे हे त्याचे प्रयोजन होते. इतर शहरांतील प्रदर्शनानंतर २०१८ मध्ये १०१ हत्ती मुंबईत मांडण्यात आले. शिल्पांची संख्या व कार्याचे उद्दिष्ट यांची अशी सांगड घातल्यास प्रेक्षकास प्रकल्पाचा हेतू वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अर्थसाहाय्याच्या दृष्टीने भारतात २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १३५ लक्षात घ्यावे लागते. १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आलेल्या या कलमानुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. पात्र कार्यांच्या अनुसूचीत कला, संस्कृती व वारसा यांचे जतन आणि पारंपरिक कला व हस्तव्यवसाय यांचे संवर्धन यांचा समावेश आहे. तथापि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, आपल्या मालाच्या वा सेवेच्या विपणनासाठी केलेले प्रायोजन या खर्चात धरता येत नाही. म्हणजेच चौथऱ्यावर नाव झळकविण्यासाठी दिलेली रक्कम आणि कारागिरांच्या प्रशिक्षणासाठी दिलेली रक्कम यांचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. अलंकृत शिल्पप्रकल्पास या निधीचा उपयोग करावयाचा असल्यास कारागिरांचे मानधन, कार्यशाळा व शालेय सहभाग हा भाग स्वतंत्रपणे आखणे श्रेयस्कर होय.

महाराष्ट्रात या कामास लागणारे कौशल्य विपुल आहे. साचा, ओतकाम, घासकाम, रंगकाम व डोळ्यांची आखणी अशी श्रमविभागणी रायगड जिल्ह्यातील पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. सावंतवाडीचे लाकडी खेळण्यांचे रंगकाम, पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकला आणि विदर्भात तान्ह्या पोळ्यासाठी होणारे लाकडी बैल ही पृष्ठालंकरणाची जिवंत उदाहरणे होत. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय (स्थापना १८५७) व राज्यातील इतर कलाविद्यालये यांतून प्रशिक्षित शिल्पकार व चित्रकार तयार होतात. परंतु पारंपरिक शैली व तिचे कारागीर या दोन गोष्टी भिन्न आहेत. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या वारली चित्रांची नक्कल एखाद्या शहरी रंगाऱ्याकडून शिल्पावर करून घेणे सोपे व स्वस्त असते. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला असला, तरी शैलीचे मोल शेवटी ती जपणाऱ्या पाड्यांपर्यंत पोहोचते की नाही, हे प्रकल्पाच्या निवडपद्धतीवरच अवलंबून राहते.

मूल्यमापन : या प्रकल्पांवर कलासमीक्षकांचा मुख्य आक्षेप असा, की ठरीव आकारामुळे शिल्पकला केवळ सजावटीच्या पातळीवर येते आणि एकच कल्पना शहरोशहरी फिरल्याने तिचा स्थानविशेष हरपतो. समर्थकांच्या मते, कलादालनाची पायरी न चढणारे असंख्य लोक या शिल्पांजवळ थांबतात, त्यांना हात लावतात, एकाच आकाराची दोन भिन्न रूपे ताडून पाहतात. कलेच्या आस्वादाची ही सुरुवातच होय. टोराँटोमध्ये मूसची शिंगे मोडून नेण्याचे प्रकार घडले, तसेच अनेक शहरांत रहिवाशांनी शिल्पे तेथेच ठेवण्याची मागणीही केली. दोन्ही प्रतिक्रियांतून शिल्पांनी लोकजीवनात प्रवेश केल्याचे दिसते. काचतंतूची आकृती कुजत नाही व तिचा पुनर्वापर कठीण असतो. म्हणून न विकल्या गेलेल्या शिल्पांची विल्हेवाट हाही नियोजनाचा भाग ठरतो.

एकंदरीत पाहता, प्रकल्पाचे यश लिलावातील बोलीवरून मोजण्याची प्रथा अपुरी आहे. प्रतीक त्या शहराच्या इतिहासातून आलेले असणे, प्रायोजकाचा हात कलाकृतीपासून दूर राहणे, मानधन व साहित्यखर्च आधी निश्चित असणे, हक्कांविषयी लेखी करार होणे आणि जमाखर्च जाहीर होणे, या पाच कसोट्या अधिक विश्वसनीय मानता येतील. शिल्पे काही आठवड्यांनी रस्त्यावरून उचलली जातात. त्यानंतर शहरात पुढील काम मिळण्याजोगे किती कलावंत उरले आणि किती मुलांच्या हातांना रंगाची सवय लागली, यावरून त्या खर्चाची सार्थकता ठरते.